जावातील सशर्त पदावली आणि इफ विधान : सीमाभागातील अध्यापनाच्या संदर्भात

संगणकाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात 'अट' हा घटक साधारणतः दोन-तीन तासिकांत उरकला जातो. इफ आणि एल्स शिकवून झाल्यावर तासिकेच्या अखेरीस प्रश्नचिन्ह व अपूर्णविराम यांनी बनणारा ऑपरेटर फळ्यावर लिहिला जातो आणि 'हे इफचेच छोटे रूप आहे' असे सांगून पुढील घटकाकडे वळले जाते. हे वाक्य सोयीचे आहे, परंतु बरोबर नाही. इफ हे विधान आहे. प्रश्नचिन्हाचे रूप ही पदावली आहे. हा भेद सुरुवातीलाच स्पष्ट झाला नाही तर विद्यार्थी दोहोंपैकी एकाची निवड केवळ ओळी वाचवण्यासाठी करू लागतो आणि पुढे त्याच्या प्रोग्रॅममध्ये ज्या चुका शिरतात, त्यांतील काही कंपायलरलाही सापडत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा भेद निकालपत्रकाच्या उदाहरणाद्वारे मांडला आहे. हे उदाहरण बिदर जिल्ह्यातील औराद तालुक्यातल्या संतपूर परिसरातील अध्यापकांना विशेष परिचयाचे वाटेल. उदाहरणांतील संकेत वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टंकलेखन करताना जावाचे राखीव शब्द आणि अंक रोमन पद्धतीनेच द्यावे लागतात. चलांची नावे मात्र देवनागरीत ठेवता येतात, कारण जावा ही भाषा पहिल्यापासून युनिकोडवर आधारलेली आहे. 'गुण' किंवा 'कमाल' या नावाचा चल कंपायलर विनातक्रार स्वीकारतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट दाखवली तर त्याची भीड बरीच चेपते. (जावाच्या अठराव्या आवृत्तीपूर्वीचे कंपायलर विंडोजवर वापरताना मजकूर यूटीएफ-८ मध्ये असल्याचे त्यास वेगळे सांगावे लागते, एवढी अडचण लक्षात ठेवावी.)

विधान आणि पदावली

'पदावली' हा शब्द विद्यार्थ्यांना नवा नाही. प्राथमिक शाळेच्या गणितात 'पदावलीची किंमत काढा' असे उदाहरण त्यांनी सोडवलेले असते. जावातही पदावली म्हणजे जिची किंमत निघते ती. विधानाला किंमत नसते. विधान काहीतरी घडवून आणते. पुढील दोन संकेत पाहावेत.

इंट कमाल;
इफ (प्रथमभाषा)
    कमाल = १२५;
एल्स
    कमाल = १००;

इंट कमाल = प्रथमभाषा ? १२५ : १००;

दोन्हींचा परिणाम एकच आहे. पहिल्यात मात्र दोन स्वतंत्र आज्ञा आहेत व अटीनुसार त्यांतील एक पाळली जाते. दुसऱ्यात आज्ञा एकच आहे : 'कमाल' या चलात किंमत साठवा. ती किंमत कोणती, एवढेच अटीवर सोपवले आहे.

मराठीच्या आधारे हा भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी देता येते. विद्यार्थ्याने आपला हेतू आधी मराठीत लिहावा आणि अटीनंतर काय येते ते पाहावे. 'उत्तीर्ण असल्यास प्रमाणपत्र द्या, नसल्यास पुरवणी परीक्षेच्या यादीत नाव घाला' या वाक्यात 'द्या' आणि 'घाला' ही आज्ञार्थी क्रियापदे दोन आहेत व ती निरनिराळी आहेत. येथे इफ हवे. 'हा विषय किती गुणांचा? प्रथम भाषा असेल तर १२५, नाहीतर १००' या वाक्यात अटीनंतर नुसत्या संख्या येतात, क्रियापद येतच नाही. येथे पदावली हवी. उर्दूतील 'अगर, वर्ना' किंवा कन्नडमधील 'इद्दरे, इल्लदिद्दरे' यांच्या साहाय्यानेही हीच कसोटी लावता येते. संतपूरसारख्या ठिकाणी एकाच बाकावर तीन भाषांचे विद्यार्थी बसतात, तेथे प्रत्येकाला आपल्या भाषेत वाक्य लिहू द्यावे हे उत्तम.

ही कसोटी न लावणारा विद्यार्थी लवकरच पुढील ओळ लिहितो :

उत्तीर्ण ? प्रमाणपत्रद्या() : यादीतघाला();

कंपायलर ती नाकारतो आणि 'हे विधान नव्हे' अशा अर्थाचा संदेश देतो. संदेश अगदी नेमका आहे, पण ज्याला इफ आणि प्रश्नचिन्ह एकच असे शिकवले आहे त्याला तो कळणार कसा? मग तो एखादा निरुपयोगी चल डावीकडे ठेवून ती ओळ चालवण्याची खटपट करतो. त्या दोन मेथड 'व्हॉइड' असतील, म्हणजे काहीच किंमत परत देत नसतील, तर ही युक्तीही फसते.

याउलट काही जागी पदावलीच बसते. मेथडला पाठवायची किंमत, रिटर्ननंतरची किंमत, वर्गातील क्षेत्राला घोषणेतच द्यावयाची प्रारंभिक किंमत अशा ठिकाणी इफ विधान लिहिताच येत नाही.

संतपूरचा विद्यार्थी आणि १२५ गुण

कर्नाटकाच्या एसएसएलसी परीक्षेत प्रथम भाषा १२५ गुणांची आणि उरलेले पाच विषय प्रत्येकी १०० गुणांचे, असे एकूण ६२५ गुण असतात. बिदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात आला आणि औराद, भालकी या भागांतील मराठी बोलणारी वस्ती कन्नड राज्यात राहिली. त्यामुळे येथील एखाद्या विद्यार्थ्याची प्रथम भाषा मराठी असते, दुसऱ्याची उर्दू, तिसऱ्याची कन्नड. कोणता विषय १२५ गुणांचा हे विषयाच्या नावावरून ठरत नाही, त्या विद्यार्थ्याने प्रथम भाषा कोणती घेतली यावरून ठरते.

नवशिका प्रोग्रॅमर बहुसंख्य विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून 'विषय कन्नड असेल तर १२५, नाहीतर १००' असे लिहितो. बंगळूर किंवा म्हैसूरच्या बहुतेक निकालपत्रकांवर हा प्रोग्रॅम बिनचूक चालल्यासारखा दिसेल. संतपूरच्या मराठी प्रथम भाषेच्या विद्यार्थिनीला मराठीत ११२ गुण असतील, तर मात्र तोच प्रोग्रॅम 'गुण शंभरपेक्षा जास्त' म्हणून तिची नोंद नाकारील. ७० गुण असतील, तर प्रत्यक्षातील ५६ टक्क्यांऐवजी ७० टक्के दाखवील. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती कोणाच्या लक्षात येणार नाही.

चूक अटीत आहे, ऑपरेटरमध्ये नाही, हे खरे. परंतु रूपाच्या निवडीचा तिच्याशी संबंध आहे. इफ-एल्सच्या स्वरूपात हीच निवड लिहिली की ती बहुधा गुणांची बेरीज, तपासणी आणि छपाई यांच्या गर्दीत मिसळते. अट एका पानावर, तिचा परिणाम दुसऱ्या पानावर. एका ओळीच्या पदावलीत अट आणि तिच्या दोन्ही किमती समोरासमोर येतात व वाचणारा विचारू शकतो : १२५ कोणासाठी? योग्य पदावली अशी होईल :

इंट कमाल = विषय.इक्वल्स(विद्यार्थी.प्रथमभाषा) ? १२५ : १००;

येथे आणखी एका सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. 'प्रत्येक चलाला सुरुवातीला शून्य किंमत द्यावी' असा उपदेश वर्गात सर्रास केला जातो. त्यानुसार विद्यार्थी 'इंट कमाल = ०;' असे लिहून पुढे इफ वापरतो आणि एल्स विसरतो. एरवी अशा चलाला किंमत मिळाली नसण्याची शक्यता कंपायलरने निदर्शनास आणली असती. शून्याने ती सूचना गप्प केली. मग टक्केवारी काढताना शून्याने भागाकार होतो. सशर्त पदावलीत दुसरी बाजू गाळताच येत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू होय. इफच वापरायचे असेल तर चल कोरा घोषित करावा, शक्यतो 'फायनल' म्हणून घोषित करावा. दोन्ही शाखांत त्याला नेमकी एकदाच किंमत मिळते की नाही हे कंपायलर तपासून देतो.

नियम बदलतो तेव्हा

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयानुसार २०२५-२६ या वर्षापासून एसएसएलसी उत्तीर्ण होण्यासाठीची पूर्वीची ३५ टक्क्यांची मर्यादा बदलून, अंतर्गत मूल्यमापनासह एकूण ३३ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३० टक्के अशी करण्यात आली. एकूण मर्यादा ६२५ पैकी २०६ अशी सांगण्यात आली. ही आकडेमोड जावाच्या वर्गात अवश्य करून दाखवावी. ६२५ चे ३३ टक्के म्हणजे २०६.२५. जावात '६२५ * ३३ / १००' ही पूर्णांकांची पदावली अपूर्णांक सोडून देते व २०६ देते. जाहीर आकड्याशी जुळते, पण योगायोगाने. एखाद्या काटेकोर विद्यार्थ्याने 'गुण * १०० >= ६२५ * ३३' असे लिहिले, तर २०६ गुण मिळवणारा मुलगा अनुत्तीर्ण ठरेल. २०,६०० ही संख्या २०,६२५ पेक्षा लहान आहे ना! अपूर्णांक खाली धरायचा की वर, हा निर्णय नियम करणाऱ्याचा असतो. तो भाषेच्या भागाकारावर सोडू नये. मर्यादा नाव दिलेल्या स्थिरांकांत ठेवाव्यात आणि पदावलीने त्यांतून फक्त निवड करावी.

विषयवार मर्यादेतही हाच पेच आहे. १२५ चे ३० टक्के ३७.५ होतात. विद्यार्थी सहजपणे लिहितो :

प्रिंट(प्रथमभाषा ? ३७.५ : ३०);

विषय प्रथम भाषेचा नसताना ही ओळ ३० छापत नाही, ३०.० छापते. कारण पदावलीची किंमत जशी एक, तसा तिचा प्रकारही एकच असतो. एका बाजूला डबल आणि दुसऱ्या बाजूला इंट असेल तर पूर्ण पदावली डबल होते, मग अट कोणत्याही बाजूने लागो. इफच्या दोन शाखांत दोन वेगळ्या छपाई-आज्ञा लिहिल्या असत्या तर ३० हेच छापले गेले असते. 'छोटे रूप' ही व्याख्या चुकीची असल्याचा याहून सोपा पुरावा फळ्यावर देता येणार नाही.

शून्य आणि गैरहजर

निकालपत्रकात शून्य गुण आणि गैरहजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून गुणांसाठी इंटऐवजी इंटिजर वापरून गैरहजर विद्यार्थ्याच्या ठिकाणी 'नल' ठेवण्याची पद्धत आहे. आता गैरप्रकार सिद्ध झाल्यास शून्य, एरवी लेखी परीक्षेतील नोंद, असा नियम लिहू :

इंटिजर अंतिम = गैरप्रकार ? ० : लेखी;

ओळ निर्दोष दिसते. डावीकडे इंटिजर आहे, तो नल धारण करू शकतो. तरीही गैरहजर विद्यार्थ्याची पाळी आली की प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन थांबतो. एका बाजूला इंट आणि दुसऱ्या बाजूला इंटिजर असल्यामुळे पदावलीचा प्रकार इंट ठरतो. लेखीतील इंटिजर उघडून त्यातील संख्या काढण्याचा प्रयत्न होतो. आत संख्याच नसते. हाच नियम इफ-एल्सने लिहिला असता तर 'अंतिम = लेखी' या आज्ञेत काही उघडावेच लागले नसते आणि नल जसाच्या तसा पोचला असता. हा सापळा जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे, कारण इंट व इंटिजर यांचे आपोआप रूपांतर तेव्हापासून सुरू झाले. कंपायलर याविषयी अवाक्षर काढत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या यादीत सतरावा गैरहजर असेल तर सोळा जणांचे निकाल छापून यंत्र थांबते आणि दोष माहिती भरणाऱ्या लिपिकावर येतो.

बेरजेच्या चिन्हाबरोबर होणारी गफलतही याच जातीची आहे.

प्रिंट("शेरा : " + शेरा == नल ? "नाही" : शेरा);

बेरीज आधी होते, तुलना नंतर आणि प्रश्नचिन्हाची पाळी बरीच उशिरा येते. म्हणून येथे 'शेरा : ' हे शब्द जोडून झालेल्या मजकुराची नलशी तुलना होते, ती नेहमीच खोटी ठरते आणि शेरा नसलेल्या विद्यार्थ्यापुढे 'नल' हा शब्द छापला जातो. पूर्ण सशर्त पदावली कंसात घालावी, असा नियम वर्गात पहिल्या दिवसापासून पाळावा. कंस अनावश्यक असला तरी नुकसान काही नाही.

एकच बाजू का मोजली जाते

सशर्त पदावलीची कल्पना जावाहून बरीच जुनी आहे. १९५७-५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी फोरट्रान भाषेत बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहीत होते. त्या भाषेतील इफ गैरसोयीचे वाटल्याने त्यांनी तीन किमती घेऊन एक परत देणारे फंक्शन तयार केले. अडचण अशी की फंक्शनला पाठवायच्या तिन्ही किमती आधीच काढल्या जात, मग त्यांतील एक फेकून दिली जाई. या अनुभवातून केवळ निवडलेली बाजू मोजणारी सशर्त पदावली पुढे आली. लिस्प व अल्गोल ६० या भाषांनी ती स्वीकारली. प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम हे तिचे रूप सी भाषेतून १९९५ मध्ये प्रकट झालेल्या जावात आले. सीमध्ये अटीच्या जागी कोणतीही संख्या चालते. जावाने तेथे बूलियनच हवे असे बंधन घातले, ही सुधारणाच म्हणावी लागेल.

या इतिहासाचा वर्गात उपयोग आहे. 'असे एखादे निवड() नावाचे मेथड आपणच का लिहू नये?' असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. त्याला पुढील ओळ द्यावी :

इंट सरासरी = (हजर == ०) ? ० : बेरीज / हजर;

हजर संख्या शून्य असताना भागाकार केलाच जात नाही. तीच गोष्ट साध्या मेथडकडे सोपवली तर भागाकार आधी होईल आणि अरिथमेटिक एक्सेप्शन येईल.

वेगाविषयी मात्र फार बोलण्याचे कारण नाही. सशर्त पदावली जलद चालते ही समजूत निराधार आहे. जावाबरोबर मिळणाऱ्या 'जावाप' या साधनाने दोन्ही संकेतांचा बाइटकोड शेजारीशेजारी काढावा. दोन्हींत तीच तपासणी आणि तीच उडी दिसते. साठवण्याची सूचना एकदा येते की दोनदा, एवढाच फरक.

साखळी

श्रेणी ठरवताना एकात एक गुंतलेल्या पदावल्यांचा मोह होतो. ८५ आणि वर विशेष प्रावीण्य, ६० आणि वर प्रथम, ५० आणि वर द्वितीय, उरलेले उत्तीर्ण, अशी मांडणी करायची तर जावात हा ऑपरेटर उजवीकडून बांधला जात असल्याने साखळी अपेक्षेप्रमाणे चालते :

श्रेणी = टक्के >= ८५ ? "विशेष प्रावीण्य"
      : टक्के >= ६० ? "प्रथम"
      : टक्के >= ५० ? "द्वितीय"
      : "उत्तीर्ण";

प्रत्येक अट नव्या ओळीवर ठेवली तर हे कोष्टकासारखे वाचता येते व त्यात गैर काही नाही. परंतु मधल्या एखाद्या पायरीवर दुसरी अट आली, उदाहरणार्थ 'पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असेल तरच विशेष प्रावीण्य', की कोष्टक मोडते. पीएचपीही शिकवणाऱ्या अध्यापकांनी अधिक सावध असावे : त्या भाषेत हाच ऑपरेटर डावीकडून बांधला जात असे आणि वरील साखळी निराळेच उत्तर देई. २०२० मधील आठव्या आवृत्तीपासून पीएचपीने कंसाविना अशी साखळी लिहिण्यास मज्जाव केला आहे. कोटलिनमध्ये तर इफ हीच पदावली असल्याने प्रश्नचिन्हाचा हा ऑपरेटर ठेवलेलाच नाही.

जावानेही मार्च २०२० मधील चौदाव्या आवृत्तीत स्विचला पदावलीचे रूप कायमचे दिले. विषयाच्या सांकेतिक क्रमांकावरून नाव काढणे यासारख्या कामांना ते साखळीपेक्षा केव्हाही सरस, कारण एखादी शक्यता उत्तराविना राहिली तर कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. जेथे प्रयोगशाळेतील संगणकांवर जावाची आठवी आवृत्ती आहे, तेथे श्रेणीसाठी एक छोटी मेथड लिहून तिच्यात एकामागून एक इफ आणि प्रत्येकात रिटर्न ठेवावे. आत साधी विधाने राहतात, विशेष प्रावीण्याची जादा अट तिच्याच ओळीत सामावते आणि बाहेरून त्या मेथडची हाक एखाद्या पदावलीसारखी वापरता येते :

प्रिंट("श्रेणी : " + श्रेणीकाढा(टक्के, प्रयत्न));